शिलाईमावशी इंग्रजी शिकल्या

शिलाईमावशींना पहिला धक्का विमानतळावरच बसला. लेक आणि सून न्यायला आले होते. गाडीत बसता बसता लेक म्हणाला, "आई, सोमवारपासून तुझी शाळा."

साठी उलटलेल्या बाईला शाळा! मावशींना थट्टाच वाटली. पण पठ्ठ्याने खरंच नाव घातलं होतं. सहा महिने लेकाकडे परदेशात राहायचं, तिथली जुनी राजधानी बघायची आणि मग परत आपल्या शिवणाच्या दुकानात, असा बेत होता; त्यात आता ही इंग्रजीची शाळा आली. भाड्याच्या दुकानाची किल्ली त्यांनी धाकट्या दिराकडे दिली होती. निघताना मशीनला तेल घालून, वर कापड पांघरून आल्या होत्या. नवरा गेल्यावर याच मशीनवर त्यांनी या लेकाला वाढवलं होतं. 'सहा महिन्यांत पाय चालवायला विसरणार तर नाही ना मी?' एवढीच त्यांना धास्ती.

शाळा राजवाड्यामागच्या गल्लीत, दगडी इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खालच्या चौकात सकाळपासून गाणारे, चित्रं काढणारे, पर्यटकांच्या झुंडी. माणसं भर रस्त्यात एकमेकांचे मुके घेत आणि मावशी घाईघाईने दुकानांच्या पाट्या वाचायला लागत. वर्गात एक बेकरीवाला होता, एक टॅक्सीवाला, दोन तरुण मुली. देश वेगवेगळे, पण इंग्रजीची बोंब सगळ्यांची सारखीच.

तिथल्या शिक्षिकेची एक तऱ्हा होती. कानावर पडलेलं वाक्य आधी जसंच्या तसं मोठ्याने म्हणायचं. अर्थ मागून लावायचा.

"माप घ्यायच्या आधीच कात्री लावायची म्हणजे!" मावशी घरी येऊन करवादल्या. पण जिभेला वळण पडलं. बसमध्ये पुढच्या थांब्याची घोषणा झाली की मावशीही ती खणखणीत आवाजात करत आणि उतारू दचकून मागे बघत. दुकानदाराने पिशवी हवी का विचारलं, की मावशी त्यालाच विचारत, पिशवी हवी का? सून हसून हसून बेजार व्हायची.

घरातही एक तऱ्हा होतीच. आईला कळू नये असं काही असलं की नवरा-बायको इंग्रजीत बोलायचे. मावशी आल्या तेव्हापासून हे चाललं होतं. ऑफिसच्या कटकटी असतील, असं म्हणून त्या भाजीत लक्ष घालत.

एका संध्याकाळी तिघं जेवत होते. लेक ताटातून मान वर न करता सुनेला इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मावशींच्या तोंडून सवयीने तेच वाक्य सुटलं, अगदी स्पष्ट इंग्रजीत:

"काकांनी दुकान सोडलं. मशीन विकली. शाळा संपली की आईला सांगू."

सुनेच्या हातातला चमचा खाली पडला. लेकाचा घास तसाच राहिला. मावशी मात्र स्वतःवरच खूश होत्या, एवढं लांबलचक वाक्य एकदाही न अडखळता आलं म्हणून. मग सावकाश अर्थ लागायला लागला. दुकान. मशीन. आणि त्यातली आई म्हणजे आपणच.

"माझी मशीन?" त्यांनी विचारलं.

"आई, तुझ्या भल्यासाठीच गं. गुडघे बघ तुझे. आता इथेच राहायचं आमच्यापाशी."

"मग शाळा कशासाठी?"

"तुझा वेळ जावा म्हणून," लेक पुटपुटला. "आम्ही सांगणारच होतो तुला."

"कोणत्या भाषेत?"

मावशींना रडू येईल असं वाटत होतं, पण ते येईना. ज्या पोराची पहिली चड्डी त्या मशीनवर शिवली, त्यानेच ती विकायला लावली होती.

"माझं परतीचं तिकीट काढ," त्या म्हणाल्या. "दुसरी मशीन बघेन मी."

लेक कावराबावरा झाला. सुनेकडे वळून तो घाईघाईने इंग्रजीत काहीतरी बोलायला गेला आणि निम्म्यातच थांबला. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ तेच वाक्य म्हणायला उघडले होते.