हॉलंडच्या रोपांचा दसरा

आमच्या हिंदी मुलखातल्या माधव नगरातले विलासकाका रेल्वेतून रिटायर झाले, पाठोपाठ शैलाकाकू गेल्या, आणि घर त्यांना खायला उठलं. म्हणून त्यांनी देवास रोडवरच्या एका नर्सरीत राखणदारी धरली. लोक हसले. हसेनात का! त्यांच्यातल्या एकानेही काकांना कधी चहाला बोलावलं नव्हतं.

राखायची होती हॉलंडहून आलेली अँथुरियम या शोभेच्या फुलझाडाची रोपं. परदेशातून आलेलं रोप लगेच विकता येत नाही. आधी ते बंद जाळीघरात वेगळं ठेवायचं. सरकारी साहेब येऊन पान न् पान उलटून बघणार, रोग-कीड नसली तरच सुटका. तोवर आतलं पान बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. काका नियमाचे पक्के. औषधाच्या पाण्यात पाय बुडवूनच आत जायचे, आणि मग दिवसभर रोपांशी मराठीत गप्पा. घरी मराठी बोलायला उरलंच होतं कोण?

दसऱ्याला त्यांच्या मुलीने, सायलीने, पुण्याहून मोबाइलवर आपट्याच्या पानांचं चित्र पाठवलं. काकांनी खरी पानं आणली होती. काकू असताना दोघं जोडीने गल्लीभर सोनं वाटायचे. यंदा काका एकटेच फिरले. कुणी गावाला गेलेलं, कुणाच्या दाराला कुलूप. शेवटी पाय सवयीने जाळीघराकडे वळले. एकेका कुंडीत एकेक पान ठेवत ते म्हणाले, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

दुसऱ्याच दिवशी साहेब तपासणीला आले.

"बाहर का पत्ता अंदर? किसने रखा?"

"मैंने, साहब. कल दशहरा था. घर में देने को कोई नहीं है."

साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमापुढे तो तरी काय करणार? पानं जाळली. रोपांचा मुक्काम वाढला. मालकाने काकांना तिथल्या तिथे जाळीघरात यायला बंदी केली. ऐकून मला त्या मालकाचा असा संताप आला! काकांनी एवढंच विचारलं, "तो इनसे बात कौन करेगा?"

मालकाने जाळीघराची किल्ली मागून घेतली.

साहेब निघाले तेव्हा काका फाटकापाशी उभे होते. खिशात उरलेलं एक पान त्यांनी पुढे धरलं.

"अब तो बाहर हूँ, साहब. हमारे में इसे सोना बोलते हैं. आप तो लीजिए."

साहेबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "काका, अभी दूसरी नर्सरी में जाँच है. पत्ता साथ नहीं रख सकता."

"हाँ, सही है," काका म्हणाले, आणि पान परत खिशात ठेवलं.