संपातला माल

कारखान्यात सगळे त्यांना पुरवठामंत्री म्हणत. बॅगांच्या त्या मोठ्या कारखान्याचं गोदाम त्यांच्या ताब्यात होतं, आणि माल नाही म्हणून मशीन थांबलं असं त्यांच्या कारकिर्दीत कधी झालं नव्हतं. याचा त्यांना कोण तोरा. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं पलीकडच्या गल्लीत बॅगा शिवायचं छोटं दुकान होतं. त्या बिचाऱ्याला ते येताजाता उपदेशाचे डोस पाजत.

मग बंदरावर संप झाला. बॅगेला लागणारी चेन जहाजाने यायची, ती थांबली. चेनचा व्यापारी प्रत्येकाला मागणीच्या निम्माच माल देऊ लागला. पुरवठामंत्री काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. निम्माच मिळणार तर दुप्पट मागायचं. पण बाकीचेही दुप्पट मागू लागले, व्यापाऱ्याने हात आणखी आखडला, तेव्हा यांनी चौपट मागितलं. वास्तविक एकही बॅग जास्त शिवायची नव्हती. शेवटी मोठं गिऱ्हाईक नाराज नको म्हणून व्यापाऱ्याने शिल्लक होती ती सगळी चेन यांच्या दारात आणून टाकली.

शाळा उघडायच्या तोंडावर मेहुणा गोदामाच्या दाराशी आला. एका शाळेच्या बॅगा शिवून तयार होत्या, फक्त चेन लावायची राहिली होती.

"दादा, बाजारात कुठेच मिळत नाहीये. थोडी उसनी द्या. माल आला की आधी तुमची परत करतो."

"अहो दाजी, इथेही ठणठणाट आहे," पुरवठामंत्री दार अडवून म्हणाले. पाठीमागे चेनची खोकी छताला टेकली होती.

"मग तुम्ही तरी काय करणार," मेहुणा म्हणाला, आणि उलट यांनाच धीर देऊन गेला. त्याला हाक मारावी असं पुरवठामंत्र्यांच्या ओठांवर आलं होतं. पण उद्या आपली मशीनं थांबली तर, या धास्तीने त्यांनी दार ओढून घेतलं.

शाळेने बॅगा दुसरीकडून घेतल्या. दुकानाला कुलूप लागलं. पुढे संप मिटला, अडकलेली जहाजं एकदम आली आणि फुगवून मागितलेला सगळा माल गोदामात येऊन आदळला. तो रचायला माणूस हवा होता. बहिणीने भावाकडे शब्द टाकला, आणि मेहुणा तिथेच हमाल म्हणून लागला.

पहिल्याच दिवशी पुढची खोकी हलवत तो मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

"ती राहू दे," जुना हमाल म्हणाला. "संपातला माल आहे. आला तसा पडलाय, कुणी हात लावला नाही."

मेहुण्याने एका खोक्यावरची धूळ पुसून लेबल वाचलं, मग तो दुसरीकडे वळला. टेबलाशी बसलेल्या पुरवठामंत्र्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला ते उठले आणि पाणी पिऊन परत बसले.

सुटीच्या दिवशी बहिणीने जेवायला बोलावलं. टाळता आलं नाही. ताटं वाढता वाढता तिच्या सासूबाईंनी विषय काढलाच. "एवढ्या मोठ्या कारखान्यात घरच्या माणसापुरती चेन निघाली नसती का?"

"दादाकडेच नव्हती, सासूबाई," बहीण म्हणाली. "असती तर त्याने स्वतः आणून दिली असती. यांना विचारा, आता तिथेच असतात."

पुरवठामंत्र्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"खरंय, आई," मेहुणा म्हणाला. "मी बघितलंय. तेव्हाचं एक खोकंही नाही तिथे." आणि त्याने भाजीचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं. "घ्या ना दादा. तुम्ही काही खातच नाही आहात."