खळ्यावरची हॉकी

हिंगोलीच्या जुन्या छावणीच्या मैदानावर आमच्या तालुक्याचा हॉकीचा संघ खेळायचा. तिथं नाव झालं की परभणीहून जिल्ह्याच्या संघासाठी बोलावणं येई, आणि परभणीत कोणाच्या नजरेत भरलं तर हैदराबाद. आमच्यातले बहुतेक जण परभणीपर्यंत जाऊन, एखादा हंगाम खेळून परत येत आणि पुन्हा आपापल्या कामाला लागत. हैदराबादला आमच्यातलं तेव्हापर्यंत कोणी पोचलं नव्हतं.

मला तिथं जायचं होतं ते निव्वळ खेळासाठी नव्हे. तिथलं एक कॉलेज आपल्या संघात घेतलेल्या मुलांना वसतिगृहात खाट आणि दोन वेळचं जेवण देत असे. आम्ही पाच भावंडं. जमीन होती, पोट भरत होतं, पण चार वर्षं मुलगा परक्या शहरात ठेवण्याची घरची ऐपत नव्हती. घरात माझ्याआधी चौथीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मॅट्रिकनंतर शिकायचं तर ती खाट मिळायलाच हवी होती.

आम्हाला शिकवणारे उस्ताद फौजेतून निवृत्त झालेले होते आणि हिंगोलीला आमच्या शाळेत कवायत घेत. माझी जागा मागे, बचावाला. संक्रांतीनंतर ते मला परभणीला घेऊन गेले. हैदराबादच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक मुलं निवडायला आले होते.

तिथं माझी फजिती झाली. आमचं मैदान निम्मं मुरमाचं आणि निम्मं काळ्या रानाचं होतं. थंडी सरली की काळ्या बाजूला भेगा पडत आणि चेंडू त्यात जाऊन बसे. म्हणून आम्ही सगळेच चेंडू उचलून मारायला शिकलो होतो. हिंगोलीत त्याचंच कौतुक व्हायचं. परभणीच्या सपाट मैदानावर मी पहिलाच चेंडू उचलला तो समोरच्या मुलाच्या कानाजवळून गेला. असा अंगावर उचललेला चेंडू नियमात बसत नाही. पंचांनी शिट्टी फुंकली. दुसऱ्यांदा फुंकली. पाचव्या शिट्टीला हैदराबादच्या साहेबांनी मला बाहेर बोलावलं.

परतीच्या गाडीत पूर्णा स्टेशन गेल्यावर उस्ताद माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "क्या रे, गेंद की जमीन से दुश्मनी है क्या?"

मी म्हणालो, "उस्ताद, आपल्या जमिनीवर चेंडू घरंगळतच नाही. शिकू कुठं?"

"वो तू सोच. साहब कू मैं बोल के आया हूँ, बैसाख में एक बार और देखो बोल के. गलती मेरी भी है. पर दौड़ना तेरे कू है."

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी शिरड शहापूरच्या बाजूला आमच्या गावी गेलो. उस्तादांनी आपल्याजवळच्या दोन चेंडूंपैकी एक बरोबर दिला होता. पण रानात चालताना पायच ठेचकाळत होता, तिथं चेंडू काय घरंगळणार. तिसऱ्या दिवशी मला आमचं खळं दिसलं. म्हणजे ते रोजच दिसत होतं. त्या दिवशी मी ते हॉकीवाल्याच्या नजरेनं पाहिलं. चोपून बसवलेलं, शेणानं सारवलेलं, तळहातासारखं सपाट. ज्वारी मळून घरी गेली होती आणि खळं रिकामं पडलं होतं.

बाबांना विचारलं तेव्हा ते दावं वळत बसले होते.

"खळ्यावर? लक्ष्मीची जागा हाय ती. तिथं आमी चप्पल घालून पाय ठेवत न्हाई, अन् तू काठी घेऊन कुदणार?"

"अनवाणीच खेळतो मी."

"काहून पण? परीक्षा झाली ना तुझी?"

मी त्यांना खाटेचं सांगितलं. चेंडू जमिनीवरून नेता आला तर खाट, नाही तर गाव. त्यांनी दाव्याचा पीळ पक्का केला आणि म्हणाले, "खेळ. पण जेवढं उकरशील तेवढं रोजच्या रोज सारवायचं. तुझ्या मायला हात लावू द्यायचा न्हाई."

मग दोन महिने हेच चाललं. पहाटे शेण आणायचं, उन्हं चढेपर्यंत खेळायचं, मग काठीनं निघालेले पोपडे भरून हातानं सारवायचं. बायका पाण्याला जाताना थांबत. एक म्हातारी काकू रोज विचारायची, "झाली का रे बाबा रासन्हाणी?" सुगीत खळ्यावर राशीची पूजा होते, तिच्यावरून ही चेष्टा. मी मान खाली घालून सारवत राही. मधोमध मेढ होती, बैल जिच्याभोवती फिरतात तो खांब. मी चेंडू काठीला चिकटवून तिच्याभोवती फिरायचो. पंधरा दिवसांत चेंडू जमीन सोडेनासा झाला. मला वाटलं, जमलं.

एका सकाळी बाबा बांधावर येऊन बसले. त्यांनी जन्मात हॉकी पाहिली नव्हती. बराच वेळ पाहून म्हणाले, "एकाच अंगानं काहून फिरून राहिला?"

मी थांबलो. आमचे बैल मळणीत ज्या बाजूनं फिरत, त्याच बाजूनं मी पंधरा दिवस फिरत होतो. मेढ दिसली की पाय आपोआप तिकडंच वळत.

"बैलाला उलटं फिरवलं तर तो बिचकतो," बाबा म्हणाले. "तुला बिचकायला काय झालं? समोरचा काय तुला इचारून येणार हाय का, कोणत्या अंगानं येऊ म्हणून?"

उलट्या बाजूनं पहिल्या फेरीतच चेंडू सुटून कडब्याच्या गंजीत गेला. बाबा हसले आणि उठून गेले. उरलेले दिवस मी फक्त उलटाच फिरलो. मनगट सुजलं, मायनं हळदीचा लेप लावला. खेळणं एक दिवसही बंद ठेवलं नाही.

वैशाखात परभणीला साहेबांनी मला पूर्ण वेळ खेळवलं. समोरचा मुलगा चपळ होता. दोनदा डावीकडून आला, दोन्ही वेळा मी चेंडू काढून घेतला. मग तो उजवीकडून आला. मी वळलो, चेंडू काठीला चिकटलेला होता. पंचांची शिट्टी माझ्यासाठी एकदाही वाजली नाही.

शेवटी साहेबांनी बोलावून सांगितलं, "दुसऱ्या संघात घेतो. पहिल्या संघात तुझ्या जागेवर तुझ्याहून चांगले दोघं आहेत. ते जाईपर्यंत कदाचित तुझं कॉलेज संपेल."

मी विचारलं, "दुसऱ्या संघालाही वसतिगृहात खाट मिळते का, साहेब?"

"मिळते."

"मग मला कबूल आहे."

बाहेर आल्यावर उस्तादांनी सायकलच्या दुकानाशी मला उभं केलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "दुसरी टीम. और तू एक लब्ज नहीं बोला. खेल के वास्ते आया था, के खाट के वास्ते?"

त्यांच्याशी खोटं बोलणं मला शक्य नव्हतं. "खाटेसाठी, उस्ताद."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "ठीक. पर खाट मिली बोल के सोते मत रहना. जिनकू नहीं मिली, वो सब तेरे कू पूछेंगे."

मी चार वर्षं दुसऱ्या संघात खेळलो. पहिल्या संघातले कोणी दुखावले तेव्हा तीनदा बदली म्हणून वर गेलो, तिन्ही वेळा परत खाली आलो. त्याच खाटेवर बसून बी.ए.चा अभ्यास केला. पण आठवतो तो पहिलाच दिवस. ट्रंक खाटेखाली सरकवली. सराव पाच वाजता होता. मी साडेचारलाच काठी घेऊन मैदानावर जाऊन उभा राहिलो.