धुतलेलं पाचट

स्वारगेटहून बारामतीची एसटी सुटली तेव्हा मांडीवर थर्मोकोलचा डबा होता आणि डोक्यात सरांचं वाक्य : "या महिन्यात एन्झाइम वाढलं नाही, तर विषय बदला." उसाच्या कचऱ्यातून साखर मोकळी करणारं एन्झाइम बुरशीकडून काढून घ्यायचं, हे माझं संशोधन. प्रयोगशाळेतली बुरशी मात्र आळसावली होती. विषय बदला म्हणे! पाचट (उसाची वाळलेली पानं) जिथे वर्षानुवर्षं कुजतं, तिथूनच नवी बुरशी आणायची, असं मी ठरवून टाकलं.

बारामतीला गाडी बदलली. ती वालचंदनगरच्या रस्त्याला लागली तसा दोन्हीकडे ऊस आणि खिडकीतून मळीचा आंबूस वास. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला, मी मात्र खूश झाले. लासुर्ण्याला मैत्रिणीचे काका, तात्या, मोटारसायकल घेऊन उभे होते. कुजलेलं पाचट पोतंभर काढून ठेवा, असं त्यांना फोनवर बजावलं होतं.

घरी काकूंनी आधी भाकरी, भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मग कौतुकानं पोतं पुढे आणलं. उघडलं, तर आतलं पाचट लख्ख!

"चांगलं चार पाण्यानं धुतलं, कडक उन्हात वाळवलं," काकू म्हणाल्या. "पुण्याला घाण कशी धाडायची, बाई?"

माझी बुरशी मोरीतून वाहून गेली होती.

"शेतात असेल ना अजून?" मी विचारलं.

"न्हाय. पाव्हणी येणार म्हणून सकाळीच रोटाव्हेटर फिरवून समदं मातीत गाडलं," तात्या अभिमानानं म्हणाले. "रान कसं स्वच्छ दिसलं पायजे!"

असा संताप आला म्हणून सांगू! पण काकूंचा चेहरा उतरला. "आमचं काय चुकलं का गं?" त्यांच्यावर चिडणार कशी? मी फक्त एवढंच म्हटलं, की रिकाम्या हातानं मी काही परत जायची नाही.

तात्यांनी मला अंथुर्ण्याजवळच्या एका बंद गुऱ्हाळावर नेलं. मागे चिपाडाचा (रस काढून उरलेल्या चोथ्याचा) काळा ढीग होता. मालक रशीदभाई हसायलाच लागले. "ह्यो उकिरडा पायजे? न्या की समदा!"

मी कोपरापर्यंत हात घातला. चप्पल रुतली, तिचा अंगठा तुटला. आत ढीग गरम लागत होता आणि चिपाडावर पांढऱ्या तंतूंचं जाळं पसरलं होतं.

"तात्या, सापडली!"

तात्यांनी नाक दाबलं. "तुझ्या काकूला दावू नगंस. धुऊन टाकंल."

निघताना काकूंनी ते स्वच्छ पोतंही दिलंच. नाही म्हणवेना. एका हातात चिपाडानं भरलेला डबा, दुसऱ्यात पोतं, पायात तात्यांच्या ढगळ चपला, अशी मी पुण्यात उतरले.

ढिगातल्या बुरश्या वेगळ्या केल्या. आता त्यांना खायला काय द्यायचं? प्रयोगासाठी लागतं ते धुतलेलं, वाळवलेलं पाचट. आजवर मी प्रयोगशाळेतल्या बुरशीला विकतची पावडर चारत होते! काकूंचं पाचट दळलं, वाफवलं आणि त्यावर बुरशी सोडली. एकीनं असं काही एन्झाइम दिलं, की सरांनी स्वतः पुन्हा मोजलं आणि विषय बदलायचं नाव काढलं नाही. मी चक्क नाचले. ज्या पोत्यावर मनातल्या मनात एवढी चरफडले, त्यानंच मला तारलं होतं.

लगेच फोन लावला. "काकू, तुमच्या पाचटावर बुरशी काय जोरात वाढलीय!"



"अगं बया! एवढं धुऊन दिलं, तरी बुरशी लागली? टाकून दे ते, बाई. आमी दुसरं धुऊन पाठवतो."

"पाठवा काकू," मी म्हटलं. "भरपूर पाठवा."