मशीन रूममध्ये कोण?

नोकरीचा मेसेज आला तेव्हा टिल्लू सहा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये बसली होती. दोन्ही हात ग्रीसने बरबटलेले. तिने नाकाच्या शेंड्याने फोन उघडला, वाचला, परत वाचला. मग जमिनीतल्या दोराच्या भोकाला तोंड लावून बोंबलली, "मामा! लागली! मोठ्या कंपनीत लागली!"

खाली लिफ्टच्या टपावर उभा असलेला मामा घाबरला. "काय लागलं? रक्त येतंय का?"

"नोकरी लागली रे, नोकरी!"

टिल्लू बावीस वर्षांची. उंची बेताची, तोंड मात्र दोन माणसांचं. एका जागी बसवत नाही म्हणून दहावीत शाळा सोडली, आणि आईचा हा भाऊ तिला लिफ्टदुरुस्तीच्या कामावर घेऊन गेला. तेव्हापासून दोघांची जोडी. मामा टपावर उभा राहून रूळ साफ करणार, दोर तपासणार. ही मशीन रूममधून बटण दाबून लिफ्ट हलवणार. मामाचा नियम एकच. खालून आवाज येणार, "वर घे." वरच्याने उलट विचारायचं, "वर घेऊ?" खालून "घे" आलं तरच बटणाला बोट लावायचं. मधे जीव गेला तरी नाही, कारण जीव जायचा तर मामाचाच जायचा.

आणि आता ही ऑफर. तीस-तीस मजल्यांच्या इमारती, तीन महिने ट्रेनिंग, स्वतःचं हेल्मेट. उत्तर शनिवारी दुपारी बाराच्या आत फोन करून द्यायचं. टिल्लू सहा मजले दोन-दोन पायऱ्या गाळत उतरली, रस्त्यात दोनदा अनोळखी माणसांकडे बघून हसली.

"अगं, मग हो म्हण ना!" घरी आई म्हणाली.

"म्हणेन. मशीन रूममध्ये कोण बसणार ते आधी ठरू दे."

"कोणीही येईल," मामा म्हणाला. "बटणच तर दाबायचंय."

हे धादांत खोटं होतं. सहा वर्षांपूर्वी तिथे सुसाट नावाचा माणूस बसायचा. मामाचा जिवलग मित्र, पण भारी घायकुत्या. एकदा त्याने न विचारताच बटण दाबलं. टप आणि भिंतीच्या मधे मामाचा बूट अडकला. पाय निसटला म्हणून वाचला. बुटाचा चुरा झाला. त्या दिवसापासून मामाने सुसाटचं तोंड पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी टिल्लूने मशीन रूमसाठी दोन पोरांना आजमावलं. पहिला सारखा फोनवर. दुसरा म्हणाला, "तीन-तीनदा कशाला ओरडायचं?" त्याला तिने जिन्यातूनच परत पाठवलं. एकीकडे नवी नोकरी, दुसरीकडे मामा. रात्रभर कूस बदलत राहिली.

शनिवारी सकाळी ती थेट सुसाटच्या दारात. तो आता दुकानांची शटरं दुरुस्त करायचा.

"मामाने पाठवलं?" त्याने विचारलं.

"मामाला कळलं तर माझं डोकं फोडेल. काका, चला. मी टपावर, तुम्ही वर."

"वेडी आहेस का? मी सहा वर्षांत लिफ्टच्या बटणाला हात लावलेला नाही."

"का?"

सुसाटने हातातला पाना खाली ठेवला. "तो बूट दिसतो," तो म्हणाला.

"मग तर तुम्हीच चला."

दोघं त्याच सहा मजली इमारतीत आले; सुसाट मशीन रूममध्ये गेला, ती टपावर चढली. अर्धा तास दोघांनी काम केलं. प्रत्येक वेळी वरून प्रश्न आला, प्रत्येक वेळी तो थांबला. साडेअकराला तिसऱ्या मजल्याच्या उघड्या दारात मामा हजर.

"टिल्ले! वर कोण आहे?"

भोकातून आवाज आला, "मी."

मामाने आवाज ओळखला. त्याची मान ताठ झाली. "तू उतर," तो भाचीला म्हणाला.

"मामा, माझं ऐक..."

"उतर म्हणतो ना!"

ती बाहेर आली. तिला वाटलं, आता हा जिना चढून सुसाटची गचांडी धरणार. पण मामा सरळ टपावर जाऊन उभा राहिला.

"वर घे!"

"वर घेऊ?"

पठ्ठ्या मामाने "घे" म्हटलंच नाही. एक मिनिट गेलं. पाच गेली. लिफ्ट तसूभर हलली नाही.

"मामा, बारा वाजतायत!"

"वाजू दे."

दहा मिनिटांनी तोच वर बघून खेकसला, "झोपलास काय रे?"

"विचारून झालंय. थांबलोय."

मामाने दोराला टेकून मोठा श्वास सोडला. "घे."

लिफ्ट बोट-बोट वर सरकली. आधी मामाचं डोकं गेलं, मग पोट, मग नवे बूट. टिल्लूने झटकन नंबर लावला.

"हॅलो! हो! येते मी! सोमवारी? उद्या येऊ का?"

"उद्या रविवार आहे हो," पलीकडची बाई म्हणाली.

"मग सोमवारी सकाळी सहाला!"

"ऑफिस नऊला उघडतं."

"हळू बोल गं," लिफ्टच्या विहिरीतून मामा ओरडला, "सगळ्या इमारतीला कळलं!"