माती न लागलेली पाठ

अणदूरच्या तालमीत एक नियम होता: पैलवानानं पाठ टेकून झोपायचं नाही. दुपारी जेवणं आटोपून पोरं आखाड्याच्या कडेला लवंडली की बलभीम वस्ताद त्यांच्यामधून सावकाश फिरत. कुणी उताणं दिसलं की काठीचं टोक त्याच्या बरगडीत बसे. झोपेतसुद्धा पाठीला जमिनीची ओढ लागता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

धनगराच्या घरातला बिरदेव या काठीखाली मोठा झाला. सुरुवातीला त्याला बऱ्याचदा टोचणी बसली, मग अंगच शहाणं झालं. पुढं लग्न झाल्यावर मंजुषा जावांना हसत सांगायची की तापानं फणफणला तरी हा माणूस पालथाच झोपतो, तोंड बघायचं तर खाटेखाली शिरावं लागतं. जत्रेच्या फडात तो खाली गेला तर घोरपडीसारखा मातीला पोट चिकटवून राही. वरचा पैलवान घामाघूम होऊन ओढी, उलथी, दम सोडी. बिरदेव हलत नसे. येरमाळ्याच्या एका हरलेल्या मल्लानं कपाळाची माती पुसत म्हटलं होतं, "ह्याला चीत करायचा तर जिमीनच उलटी करावी लागंल."

अशाच एका फडात नंदीश सरांनी त्याला पाहिलं. सर मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरचे, पुण्यात एमएमए शिकवायचे. जाळीच्या पिंजऱ्यातली ही लढत कुस्तीहून वेगळी. ठोसा चालतो, लाथ चालते, गळा आवळलेला चालतो. समोरच्यानं हातानं थोपटून हार मानली, किंवा पंचांनी थांबवलं, की निकाल. पाठ टेकली काय आणि न टेकली काय, तिथं कुणी विचारत नाही.

पहिली काही वर्षं बिरदेवला त्यातला फरक जाणवलाच नाही. तो समोरच्याचे दोन्ही पाय ओढून पट काढी, त्याला आपटी आणि वर बसून ठोशांनी काम संपवी. लढतीमागून लढत तो जिंकत गेला. धाराशिवच्या बसस्टँडबाहेर त्याचा फ्लेक्स लागला, त्याच्या मुठीपेक्षा पुढाऱ्यांची तोंडं मोठी असलेला.

मग एका लढतीत ईशान्येकडच्या एका बारीक अंगाच्या पोरानं त्याला पहिल्यांदा खाली घेतलं. बिरदेवनं जन्मभर केलं तेच केलं. सर्रकन वळून पोटावर गेला. फडात इथून पुढं वरच्याची दमछाक सुरू झाली असती. इथं तो पोरगा शांतपणे त्याच्या पाठीवर बसला आणि त्यानं गळ्याखालून हात घातला. बिरदेवनं थोपटलं नाही. तो बेशुद्ध झाला तेव्हा पंचांनी सोडवलं.

पुढच्यानं ती लढत मोबाईलवर पाहिली होती. त्याच्या पुढच्यानंही. दोघांनी त्याला तसंच हरवलं.

गावात कारणं ठरली. कुणी म्हटलं डोक्यात हवा गेली, कुणी म्हटलं लग्न मानवलं नाही. गुडघ्याच्या एका दुखापतीचीही बातमी फिरली, जी त्याला कधी झालीच नव्हती. खरं कारण नंदीश सरांनी पहिली हार झाली त्याच दिवशी ओळखलं होतं. सरावात ते त्याला उताणं पडून लढायला लावत आणि तिथं त्याला ते जमेही. पण पिंजऱ्याचं दार लागलं की अंग जुन्या काठीचंच ऐके.

अखेर सरांनी त्याला स्पष्ट सांगितलं की एकच लढत मिळेल, पुन्हा पालथा झाला तर आयोजकांच्या यादीतून नाव कायमचं निघेल. "माझ्याच्यानं हे सुटत नाही, बिरू," ते म्हणाले. "ज्यांनी गाठ मारली, त्यांच्याकडं जा."

बिरदेव अणदूरला आला. वस्ताद आता कमरेतून वाकले होते, पण काठी तीच होती. सगळं ऐकून घेतल्यावर ते काठी टेकत आखाड्यात उतरले. मग त्यांनी त्याला माती उकरून भिजवायला सांगितली, आणि ती मऊ झाल्यावर म्हणाले, "झोप. उताणा."

तो झोपला. वस्ताद उशाशी बसले. त्याचा खांदा वळायला लागला की ते काठीच्या टोकानं तो पुन्हा खाली दाबत. ज्या काठीनं त्याला एके काळी उठवलं होतं, तीच आता त्याला झोपवत होती. रोज दुपारी हे चाललं. एका दुपारी बिरदेवला तशीच झोप लागली. जाग आली तेव्हा पाठीची माती वाळली होती आणि वस्ताद काठी भिंतीला टेकवून घरी गेले होते.

लढतीत तो खाली गेला आणि पाठीवरच राहिला. वरच्यानं मारायला पुढं केलेला हात त्यानं दोन्ही पायांत धरून कोपरातून उलटा ताणला. समोरच्यानं थोपटलं. बिरदेव जिंकला होता. नंदीश सरांनी त्याला उचलून घेतलं. पण पाठ टेकली त्या क्षणी त्याला हलगी ऐकू आली होती, फडात एखाद्याला चीत केल्यावर कडाडते तशी. आसपास हलगी नव्हती.

गावानं लढत तालमीत बसून पाहिली होती. तो परतला तेव्हा हारही होता, पेढेही होते. फक्त कुणी त्या पाठीवर थाप मारली नाही. माणसं पांगल्यावर तो वस्तादांच्या पाया पडला.

"बघितली का, वस्ताद?"

"बघितली."

"त्यांच्यात पाठ लागलेली धरत न्हाईत."

"व्हय. त्यांच्यात न्हाईत धरत." वस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं. "आन् तुझ्यात?"

पुण्याहून नंदीश सरांचे फोन येत राहिले, नव्या लढतींचे. बिरदेव प्रत्येक फोन उचले, नीट बोले, आणि येतो म्हणत नसे. हरत होता तेव्हा टिकून राहिलेला माणूस जिंकल्यावर का थांबला, हे पुण्यात अजून कुणाला उमगलेलं नाही.

आता त्याच्याकडं पिकअप आहे. धनगरांची मेंढरं तो बाजाराला पोचवतो. तालमीत जातो, पोरांना डाव दाखवतो, स्वतः लंगोट लावत नाही. एका दुपारी भाकरी घेऊन आलेल्या मंजुषाला तो लिंबाच्या सावलीत, पिकअपच्या रिकाम्या हौद्यात उताणा पडलेला दिसला. ती घाबरली. पटकन वर चढून तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. श्वास संथ चालू होता.

तिनं हात काढून घेतला. पदरानं माशा वारत ती शेजारी बसली, आणि त्याला तसंच झोपू दिलं.