त्रेस्यम्माची गप्प बसायची शिकवणी

"तुम्ही पुन्हा तेच केलंत, चेची!"

"काय केलं मी? बाई अडकली, मी शब्द दिला."

"ती अडकली नव्हती. ती विचार करत होती."

"अगं मोळे, अगं पोरी, तोंड उघडं, डोळे छताला, नाइटीवरचा पंचा नुसता पिळतेय. याला अडकणं नाही म्हणत तर काय म्हणतात?"

शोशाम्माच्या घरून निघालेली पॅलिएटिव्ह केअर केंद्राची जीप रबराच्या झाडांमधून धक्के खात चालली होती. मागच्या बाकावर औषधांच्या खोक्यांना धरून दोघी समोरासमोर बसल्या होत्या. एक त्रेस्यम्मा, साठी उलटलेली, पावडर लावलेली, दर बुधवारी अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाणारी स्वयंसेविका. दुसरी अश्वती, तिला चेची म्हणजे ताई म्हणणारी, तिच्या निम्म्या वयाची मानसशास्त्रज्ञ. स्वयंसेवकांना रुग्णाशी आणि त्याचं करणाऱ्या माणसाशी कसं बोलावं हे ती शिकवायची. खरं म्हणजे, कसं बोलू नये हेच जास्त.

"शोशाम्मा काय म्हणत होती?" अश्वतीने बोट वर केलं. "'रात्री हा नवरा हाक मारतो ना, तेव्हा मी...' एवढंच म्हणाली ती. आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, दमून जात असशील गं."

"आणि ती?"

"हो म्हणाली."

"हो म्हणाली आणि चहा टाकायला उठली! संपलं. महिनाभर त्या बाईच्या घशात काहीतरी अडकलंय, चेची. आज ते ओठांवर आलं होतं. तुम्ही ते परत आत ढकललंत."

"दमत नाही का ती?"

"दमते. पण ती ते सांगत नव्हती."

"तुला काय ठाऊक?"

"मला नाहीच ठाऊक! म्हणून तर मी गप्प होते!"

जीपचा ड्रायव्हर आरशात बघून हसला. त्रेस्यम्माने त्याच्याकडे अशी नजर टाकली की आरसाच तडकायला हवा होता.

दोष तिच्या जिभेचा नव्हता, धंद्याचा होता. नाटक कंपनीत सत्तावीस वर्षं त्रेस्यम्मा प्रॉम्प्टर होती. वडील कंपनीचे सुतार, पडदे नि देवड्या ठोकणारे. मुलगी भराभर वाचते म्हणून मालकाने सोळाव्या वर्षी तिच्या हातात वही आणि टॉर्च दिला आणि विंगेत स्टुलावर बसवलं. तेव्हापासून चर्चचा पेरुन्नाळ असो की देवळाचा उत्सव, कंपनीची बस जाईल तिथे त्रेस्यम्मा. राजाला ती राजाचं वाक्य द्यायची, दारुड्याला दारुड्याचं. नायिका मरायला टेकली की तिला शेवटचे शब्दही हीच पुरवायची. नट अडायच्या अर्धा श्वास आधी वाक्य त्याच्या कानात पोचलेलं असायचं. लोक टाळ्या नटाला द्यायचे. त्रेस्यम्मा त्या आपल्याच म्हणून घरी न्यायची.

एकदाच काय ते बिनसलं. कंपनीच्या मोठ्या नटाने भर प्रयोगात मुद्दाम विराम घेतला, साऱ्या मैदानाने श्वास रोखला, आणि विंगेतून त्रेस्यम्माचं वाक्य आलं, पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. प्रयोग संपल्यावर नट चप्पल घेऊनच आत आला. "तो विराम माझा होता! त्याचे मला पैसे मिळतात!"

लग्नही तिने असंच केलं. वर्की म्हणजे कंपनीचा रंगभूषाकार, अबोल माणूस. फादरनी विचारलं, "हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?" वर्की घाम पुसू लागला. बाजूच्या ओढणीतून आवाज आला, "करतो." वर्कीने मुकाट ते म्हटलं, आणि पुढची तीस वर्षं आपल्या वाट्याचं बोलणं बायकोवर सोपवून तो सुखाने जगला. शेवटी त्याला कर्करोग झाला तेव्हा ह्याच जीपमधून माणसं त्यांच्या घरी येऊ लागली. जखम धुवायची, थोडं बसायची, चहा घ्यायची. वर्की गेल्यावर घरात बोलायला भिंती उरल्या. मग त्रेस्यम्मा स्वतःच जाऊन जीपमध्ये बसली. बुधवार आला की ती पहाटेच न्याहारीचा पुट्टू उरकून, केसांना तेल चोपडून फाटकात उभी. उरलेले सहा दिवस बुधवारची वाट बघण्यात जात.

म्हणून अश्वती पुढे जे बोलली ते तिला फार लागलं.

"चेची, तिकडे तुमच्या हातात संहिता होती. इथे संहिता कुणाच्या हातात आहे?"

त्रेस्यम्माने औषधाचं एक खोकं उगाच सरळ केलं.

"पुढच्या बुधवारी एकदा शेवटचं बघू," अश्वती म्हणाली. "तेव्हाही तुम्ही तिच्या तोंडचं वाक्य घेतलंत, तर घरभेटी बंद. मग वॉटर बेड नि व्हीलचेअरचं कोठार बघा."

"कोठार! व्हीलचेअरशी काय बोलू मी?"

"तेच तर."

तो आठवडा त्रेस्यम्माने गप्प बसायचा सराव केला. मासळीवाला "चाळा मासा घ्या, ताजा आहे, अगदी..." म्हणून थांबला, ती थांबली. त्याने घाबरून भाव उतरवला. शेजारीण सुनेची तक्रार करता करता थबकली, त्रेस्यम्माने ओठ मिटून घेतले. शेजारीण म्हणाली, "काय गं, दात दुखतायत का?"

बुधवारी ती दाढेखाली लवंग धरून शोशाम्माच्या घरी पोचली.

शोशाम्माचा नवरा कुरियाक्को बसमध्ये कंडक्टर होता. अर्धांगाने डावी बाजू गेली, पण गळा शाबूत. आयुष्यभर शिट्टी वाजवलेला माणूस आता हाका मारायचा. अश्वतीला बघताच त्याने सुरुवात केली.

"आलीस? आज काय, पुन्हा श्वासाचा व्यायाम? श्वास घ्या, सोडा! घेतोच आहे ना मी? नाही घेतला तर तुला कळवतीलच."

"आज वेगळं, अच्चायन. आज तुम्ही शोशाम्मा व्हायचं आणि शोशाम्मा चेचींनी तुम्ही."

"मी बाई होऊ? ह्या वयात?" त्याने त्रेस्यम्माकडे बघितलं. "हिने शिकवलं वाटतं. नाटकवाली!"

त्रेस्यम्माने गालातल्या लवंगेकडे बोट दाखवलं.

अश्वतीने शोशाम्माच्या खांद्यावरचा पंचा काढून कुरियाक्कोच्या खांद्यावर टाकला. शोशाम्मा लाजत लाजत खाटेच्या कडेला बसली. मग तिने मान वाकडी केली, डावा हात लुळा सोडला आणि अशी गरजली की अंगणातली कोंबडी उडाली.

"अगं ए शोशाम्मे! पंखा! अगं, एवढा नाही, कमी! उशी! ही नाही, कालची! कप्पाच्या भाजीत मीठ कुणी घालायचं, तुझ्या बापाने?"

त्रेस्यम्मा तोंडात पदर कोंबून हसली. कुरियाक्को आ वासून बघत राहिला.

"मी असा बोलतो?"

"तुम्ही आता शोशाम्मा आहात," अश्वती म्हणाली. "उत्तर द्या."

त्याने पंचा सावरला. आवाज बारीक केला. "आले, आले! मेले तरी येईन, जीव काढू नका!" अगदी हुबेहूब. शोशाम्मासुद्धा हसली.

"आता रात्र झालीये," अश्वती हळूच कुरियाक्कोला म्हणाली. "तो हाक मारतो. शोशाम्मा, तुम्हाला काय होतं?"

कुरियाक्कोने तोंड उघडलं आणि तो थांबला.

शोशाम्माचं हसू मावळलं. खोलीत पंख्याची घरघर. बाहेर फणसावर कावळा. त्रेस्यम्माच्या जिभेवर वाक्यं रांग लावून उभी राहिली. दमते मी. झोप होत नाही माझी. कंबर मोडली. एकाहून एक चपखल, कुठलंही दे, चालून जाईल. तिने लवंग चावली. लवंगेचा भुगा झाला, जीभ बधिर झाली. उजवा पाय तिने डाव्या पायाने दाबून धरला.

"मी जागी असते," कुरियाक्को म्हणाला.

हे वाक्य तिच्या रांगेत नव्हतंच.

"तो हाक मारतो तेव्हा मी जागी असते. दुसऱ्या हाकेलाही. डोळे मिटून पडून राहते. ओरडू दे मेल्याला, म्हणते. नाहीच वाटलं उठावंसं, तर काय करू."

शोशाम्माचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्हाला... ठाऊक होतं?"

"तीस वर्षं कंडक्टरी केली गं." त्याचा आवाज पुन्हा त्याचा झाला होता. "कोण झोपलंय आणि कोण तिकीट चुकवायला डोळे मिटून बसलंय, ते मला कळत नाही होय?"

"मग कशाला हाका मारायचात?" ती एकदम उसळली. "जागी आहे, येत नाहीये, एवढं कळत होतं, तर कशाला माझा जीव खायचात? मी इथे कुढत बसले. ह्या माणसाला टाकून झोपते, मी बायको आहे का कोण आहे! पापं कबूल करताना कुंपसारात फादरनाही सांगायची हिंमत झाली नाही मला!"

कुरियाक्को पंच्याच्या काठाशी चाळा करत राहिला. त्रेस्यम्माने लवंगेचा भुगा गिळला.

"पहिली हाक कामाची नसते," तो शेवटी म्हणाला. "हाक मारली की तुझा श्वास बदलतो. तेवढा ऐकू आला की कळतं, आहेस तू. अंधारात एकटा पडलेला माणूस आणखी काय करणार? दुसरीही तसलीच." मग घसा खाकरून म्हणाला, "तिसरी मात्र लघवीची असते."

शोशाम्मा हसायला गेली आणि रडली. नाक नाइटीच्या बाहीला पुसलं. अश्वतीने तिला पुरेसं रडू दिलं, मग विचारलं, "तुम्हाला काय हवंय, चेची?"

त्रेस्यम्मा बोटांची नखं मोजत बसली.

"एक रात्र," शोशाम्मा म्हणाली. "एक रात्र मला कुणी हाक मारायला नको. कांजिरप्पळ्ळीला बहिणीकडे जाईन. जेवेन, बरणीतलं लोणचं चोरेन, झोपेन. बस."

"आणि मी?" कुरियाक्कोचा आवाज एकदम लहान झाला. "मला कोण बघणार?"

अश्वती बोलायच्या आत त्रेस्यम्मा बोलली. "मी राहते."

अश्वतीने चमकून पाहिलं. त्रेस्यम्मा ठसक्यात म्हणाली, "काय बघतेस? हे कुणाचं वाक्य नाही घेतलं मी. माझंच आहे. माझं घर रिकामं आहे, रात्रही रिकामी आहे. बेडपॅन लावता येतं, वर्कीचं दोन वर्षं केलंय."

"ही?" कुरियाक्को किंचाळला. "ही रात्रभर बोलेल!"

"तुम्ही हाका मारा, मी बोलते. बघू कोण आधी झोपतं."

अश्वती हसली. कोठाराचं नाव तिने काढलं नाही. उलट जीपमधून मोठी चादर आणि औषधांची पिशवी काढून त्रेस्यम्माच्या हातात दिली. "सकाळची गोळी जेवणाआधी. आणि चेची, पुढच्या बुधवारी आठला तयार राहा. नवीन घर आहे, चढ आहे."

शोशाम्मा आतल्या खोलीत गेली ती साडी नेसूनच बाहेर आली. कित्येक महिन्यांत त्या घराने तिला साडीत पाहिलं नव्हतं. तिने छत्री घेतली, पर्स काखेत मारली, चुलीकडे एकदा नजर टाकली आणि ती मागे घेतली.

"अगं, ती साडेतीनची लिमिटेड बस पकड," कुरियाक्को खाटेवरून म्हणाला. "ऑर्डिनरीत नको बसू, ती सगळीकडे थांबते. उजवीकडे बसू नको, ऊन येतं. सुटे आहेत का? कंडक्टर नवा असेल तर शंभराची नोट बघून तोंड वाकडं करेल, तू ऐकून नको घेऊ."

ती चपला घालत होती.

"बहिणीला सांग, मी विचारलं म्हणून. आणि लोणचं थोडं मलाही आण. आणशील ना? अगं, उद्या येशील ना? सकाळी की संध्याकाळी?"

शोशाम्माने दार ढकललं, अंगण ओलांडलं, फाटकाची कडी काढली आणि रस्त्याला लागली.